साउथसीची एलसीटी ७०७४ : खोल पाण्यातून चाललेल्या रणगाड्यांच्या अभ्यासकासाठी एक परीक्षण

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पोर्ट्समथ शहराच्या साउथसी भागात, अगदी समुद्राला लागून ‘द डी-डे स्टोरी’ हे संग्रहालय आहे. त्याच्या बाजूला मोठ्या छताखाली एलसीटी ७०७४ ही रणगाडे वाहून नेणारी अवतरण नौका कोरड्या जमिनीवर उभी केलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे खोल पाण्यातून किनाऱ्यावर कसे नेले जात आणि त्यासाठी त्यांच्यावर कोणती साधने बसवली जात, याचा ज्यांना नीट अभ्यास करायचा आहे, त्यांनी सुरुवात इथून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. या साधनांची रेखाटने आणि छायाचित्रे पुस्तकांत भरपूर मिळतात. इंजिनावर उभारलेली पत्र्याची उंच नळकांडी, फटींवर चिकटवलेले कापड, तोफेच्या तोंडावरचे आच्छादन हे सगळे त्यांत दिसते. पण ही साधने अशीच का घडली, याचे उत्तर रणगाड्याकडे पाहून मिळत नाही. ते नौकेच्या उतरंडीवर, म्हणजे किनाऱ्यावर खाली पडणाऱ्या पुढच्या दाराच्या उतारावर, उभे राहिल्यावर मिळते, आणि ती उतरंड प्रत्यक्ष पाहण्याची सोय या संग्रहालयाने करून दिली आहे. माझ्यासारख्या १/३५ प्रमाणातल्या प्रतिकृती बनवणाऱ्याला ही भेट एखाद्या तपशीलवार ग्रंथापेक्षा अधिक उपयोगी पडली.

प्रथम नौकेविषयी. जून १९४४ मध्ये दोस्तांचे सैन्य फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरले (त्याचा पहिला दिवस म्हणजे ‘डी-डे’). त्या मोहिमेत ८०० हून अधिक एलसीटी, म्हणजे अशा रणगाडावाहू नौका, वापरल्या गेल्या. त्या मोहिमेत भाग घेतलेल्या आणि आजवर टिकलेल्या रणगाडावाहू नौकांपैकी ब्रिटनमध्ये जतन केलेली ही एकमेव नौका आहे. ती सुमारे ५९ मीटर लांब असून तिचे वजन सुमारे ३०० टन आहे. टाइन नदीकाठच्या हेबर्न येथील हॉथॉर्न लेस्ली यांच्या गोदीत ती १९४४ साली बांधली गेली, आणि ७ जून १९४४ रोजी पहाटेपूर्वीच्या अंधारात तिने नॉर्मंडीच्या ‘गोल्ड’ या सांकेतिक नावाच्या किनाऱ्यावर १० रणगाडे उतरवले. युद्धानंतरचे तिचे आयुष्य फारच विचित्र आहे. लिव्हरपूलमध्ये ती ‘लँडफॉल’ या नावाने तरंगता क्लब झाली, पुढे नाइटक्लब झाली, नंतर बर्कनहेडच्या गोदीत बेवारस पडून राहिली आणि २०१० साली तिथेच बुडाली. ऑक्टोबर २०१४ मध्ये तिला पाण्यातून वर काढण्यात आले, दीर्घ दुरुस्तीनंतर ऑगस्ट २०२० मध्ये साउथसीला आणण्यात आले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये ती लोकांसाठी खुली झाली. अशी मालवाहू, सपाट बुडाची, दिसायला अजिबात देखणी नसलेली नौका जपावी असे एखाद्या देशाला वाटले, याचे मला मनापासून कौतुक वाटते. लढाऊ जहाजे सगळेच जपतात. पण सैन्याचे सामान वाहणाऱ्या नौकेशिवाय कोणतेही सैन्य समुद्र ओलांडू शकत नाही, आणि अशा नौका बहुधा भंगारात जातात.

आता मुख्य मुद्दा. नौकेच्या पुढच्या टोकाला जाऊन उतरंडीकडे पाहिले की रणगाड्यासमोरची अडचण लगेच लक्षात येते. एलसीटीचे बूड सपाट आहे. किनाऱ्याला टेकताना तिचा पुढचा भाग आधी वाळूत रुततो, तर मागचा भाग अजून खोल पाण्यात तरंगत असतो. मागच्या बाजूला सोडलेला नांगर ओढून ती पुन्हा सुटते आणि परत फिरते. ही रचना उत्तम आहे, परंतु तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : किनाऱ्याला पुरेसा उतार हवा. उतार चांगला असेल तर उतरंडीच्या टोकाशी पाणी उथळ राहते. नॉर्मंडीचे किनारे मात्र अतिशय सपाट आहेत. ओहोटीच्या वेळी तिथे शेकडो मीटर वाळू उघडी पडते, आणि त्या वाळूत किनाऱ्याला समांतर असे उंचवटे आणि त्यांच्यामागे पाण्याने भरलेले खोलगट पट्टे असतात. नौका अशा उंचवट्यावर टेकली की नावाड्याला वाटते, किनारा आला. उतरंड खाली पडते, पहिला रणगाडा गुडघाभर पाण्यात उतरतो, आणि वीस-तीस मीटर पुढे गेल्यावर तो अचानक पुरुषभर खोल पाण्यात शिरतो. वर लाटांची उंची वेगळीच. म्हणजे उतरंडीजवळ पाणी किती आहे, हे जाणून भागत नाही. त्या ठिकाणापासून कोरड्या वाळूपर्यंतच्या वाटेत सर्वांत खोल जागा किती खोल आहे, हे महत्त्वाचे ठरते, आणि ते आधी नेमके सांगता येत नाही.

मूळ स्वरूपातला अमेरिकन शर्मन रणगाडा सुमारे १ मीटर पाण्यातून जाऊ शकत असे. त्याहून खोल पाण्यात इंजिनाच्या डेकवरील, म्हणजे इंजिनावरच्या सपाट पत्र्यावरील, जाळीतून पाणी आत शिरे आणि इंजिन बंद पडे. खोल पाण्यासाठीचा संच बसवल्यावर हीच मर्यादा सुमारे ६ फुटांपर्यंत, म्हणजे जवळजवळ १.८ मीटरपर्यंत वाढत असे. हा फरक कागदावर ८० सेंटिमीटरचा दिसतो. पण किनारा आणि वाळूचा पहिला उंचवटा यांच्यामधला तो खोलगट पट्टा पार होईल की नाही, हे त्याच ८० सेंटिमीटरवर ठरत असे.

एलसीटी ७०७४ वर प्रदर्शनासाठी दोन रणगाडे ठेवलेले आहेत : एक शर्मन आणि एक चर्चिल क्रोकोडाइल, म्हणजे ज्वाला फेकणारा ब्रिटिश चर्चिल रणगाडा. त्या रात्री नौकेतून उतरलेले रणगाडे हे नव्हेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. हा शर्मन खरे तर ‘ग्रिझली’ आहे, म्हणजे माँट्रियल लोकोमोटिव्ह वर्क्सने कॅनडात बांधलेली, शर्मनच्या एम४ए१ या प्रकाराची आवृत्ती. अशा एकूण १८८ बांधल्या गेल्या. ओतीव पोलादाच्या, गोलाकार कडांच्या या हलच्या, म्हणजे रणगाड्याच्या धडाच्या, मागच्या भागात काँटिनेंटल कंपनीचे विमानी जातीचे, हवेने थंड होणारे अरीय (सिलिंडर वर्तुळात मांडलेले) इंजिन बसते. अभ्यासकाच्या दृष्टीने ही निवड फार सोयीची आहे, कारण नळकांड्यांचा आकार या इंजिनावरूनच समजतो.

हे मी थोडे विस्ताराने सांगतो. कोणत्याही इंजिनाला नुसत्या जळणासाठी लागणारी हवा तुलनेने कमी असते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला मात्र जळणाच्या हवेच्या कितीतरी पट हवा सिलिंडरांवरून सतत वाहती ठेवावी लागते, आणि त्यासाठी इंजिनाला जोडलेला मोठा पंखा ती डेकवरून आत ओढून मागच्या बाजूने बाहेर फेकतो. अशा इंजिनाला बारीक श्वासनळी देऊन चालत नाही. म्हणूनच शर्मनवरची नळकांडी पाणबुडीच्या नळीसारखी बारीक न राहता पेटीसारखी रुंद आणि चौकोनी झाली. एक नळकांडे इंजिनाच्या डेकवर, टरेटच्या (तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या) अगदी मागे, हवा आत घेण्यासाठी. दुसरे हलच्या मागच्या टोकाला, गरम हवा आणि एक्झॉस्टचा धूर बाहेर टाकण्यासाठी. दोन्हींची तोंडे टरेटच्या माथ्याच्या आसपास उंच नेलेली असत. ग्रिझलीच्या मागे उभे राहून डेकवरच्या जाळीची रुंदी डोळ्यांनी मोजली, की त्या पेट्यांचा आकार आपोआप पटतो. प्रतिकृती बनवताना ही नळकांडी फार सडपातळ करण्याची चूक सर्रास दिसते. इथे येऊन गेलेला माणूस ती करणार नाही.

एक्झॉस्टचा प्रश्न आणखी नाजूक आहे. इंजिन चालू असेपर्यंत बाहेर पडणाऱ्या वायूचा दाब पाण्याला आत येऊ देत नाही. परंतु चालकाने ॲक्सिलरेटर सोडला किंवा गिअर बदलताना इंजिन क्षणभर मंदावले, तर पाणी उलट आत ओढले जाते. म्हणून एक्झॉस्ट पाण्याच्या वर नेणे हाच खात्रीचा मार्ग होता. त्याच कारणाने पाण्यात शिरण्यापूर्वीच खालचा गिअर टाकून, इंजिनाचा वेग कायम राखून, मध्ये कुठेही न थांबता किनारा गाठण्याची शिस्त चालकांना लावली जात असे. चालकाला त्या वेळी काहीही दिसत नसे. त्याचे झाकण पक्के बंद असे आणि त्याच्या निरीक्षणकाचेपुढे फक्त हिरवट पाणी असे. टरेटमध्ये उभा असलेला कमांडर आतल्या ध्वनियंत्रणेवरून डावे-उजवे सांगे आणि चालक त्यावर विश्वास ठेवून पुढे जाई. बंदिस्त पोलादी पेटीत, पाण्याच्या पातळीखाली बसून, दुसऱ्याच्या शब्दावर रणगाडा हाकणाऱ्या त्या माणसांविषयी मला अपार आदर वाटतो. नौकेच्या अरुंद पोटात रणगाड्याशेजारी उभे राहिल्यावर तो आदर वाढतो.

नळकांडी ही या साधनसामग्रीची दिसणारी बाजू झाली. खरी मेहनत न दिसणाऱ्या बाजूला होती. टरेट आणि हल यांच्यामधली गोल फट, तोफेभोवतीची ढाल, हलमधल्या मशीनगनचे छिद्र, चालकाची झाकणे, बॅटरीचे आणि पेट्रोलचे मार्ग, हलच्या बुडातले निचऱ्याचे बूच, या सगळ्या जागा बंद कराव्या लागत. त्यासाठी बॉस्टिक हा चिकट लेप, चिकटपट्ट्या, रबराचा लेप दिलेले कापड आणि घट्ट ग्रीससारखी लुकणे वापरली जात. काम टप्प्याटप्प्याने होई. जे भाग बंद करूनही गाडी चालवता येते, ते आधी छावणीत बंद केले जात. ज्यांमुळे इंजिन तापते किंवा शस्त्र वापरता येत नाही, ते अगदी शेवटी, नौकेत चढण्याच्या वेळी किंवा चढल्यावर बंद होत. पूर्ण बंद केलेली गाडी फार वेळ चालवता येत नसे, कारण तिची उष्णता बाहेर पडायला वाट उरत नसे. किनाऱ्यावर पोहोचल्यावर हेच सर्व उलट क्रमाने उघडावे लागे. हवामानामुळे नॉर्मंडीची मोहीम एक दिवस पुढे ढकलली गेली, तेव्हा नौकांमध्ये थांबून राहिलेल्या दलांना सगळ्या लुकणांची पुन्हा तपासणी करावी लागणे स्वाभाविक होते. नौकेच्या उघड्या तळावर उभे राहून वरून येणारा पाऊस आणि बाजूंवरून उडणारे खारे पाणी यांचा विचार केला, म्हणजे त्या कापडाचे आणि चिकटपट्ट्यांचे काय होत असेल, याची कल्पना येते.

ही सगळी पद्धत प्रयोगांतून घडली. उत्तर डेव्हनमध्ये वेस्टवर्ड हो! येथे १९४२ साली संयुक्त मोहिमांसाठी प्रायोगिक केंद्र स्थापन झाले, आणि शेजारच्या इन्स्टो येथे लष्कराच्या विद्युत व यांत्रिकी अभियंता दलाच्या, म्हणजे रीमीच्या, शाखेने वाहने पाण्यातून नेण्याच्या चाचण्या घेतल्या. भरती-ओहोटीतला मोठा फरक आणि विस्तीर्ण वाळू यांमुळे तो किनारा या कामासाठी योग्य होता.

दुसऱ्या रणगाड्याकडे, चर्चिलकडे, वळल्यावर गोष्ट फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या दिएप गावाला, तिथल्या फसलेल्या हल्ल्याकडे जाते. १९ ऑगस्ट १९४२ रोजी कॅनडाच्या कॅलगरी रेजिमेंटचे चर्चिल रणगाडे दिएपच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा त्यांच्यावर अशीच साधने बसवलेली होती. चर्चिलच्या इंजिनाची हवा हलच्या दोन्ही बाजूंना बसवलेल्या पेट्यांतून आत जाते. त्यामुळे त्याची नळकांडी शर्मनसारखी डेकच्या मध्यावर न येता दोन्ही कडांवरून वर चढतात, आणि एक्झॉस्टसाठी मागे वेगळी जोडणी असते. इथल्या क्रोकोडाइलच्या बाजूच्या त्या पेट्या जवळून पाहून घ्याव्यात. दिएपला २९ रणगाडे नौकांतून बाहेर पडले आणि त्यांपैकी २ खोल पाण्यात बुडाले. उरलेले किनाऱ्यावर पोहोचले. म्हणजे साधनांनी आपले काम बऱ्याच अंशी केले. पुढे मात्र सैल गोट्यांत अनेकांचे पट्टे तुटले, समुद्राकाठची भिंत अनेकांना ओलांडता आली नाही आणि एकही रणगाडा परत आला नाही. दिएपच्या पराभवाची चर्चा करताना ही साधनेही अपयशाच्या यादीत ढकलली जातात, ते मला अन्यायाचे वाटते. पाणी त्यांनी पार करून दिले होते.

असाच अन्याय नॉर्मंडीच्या कथनातही होतो. तिथे सगळे लक्ष डीडी रणगाड्यांकडे जाते : निकोलस स्ट्राउसलर यांनी कल्पिलेली, कॅनव्हासची भिंत उभारून आणि मागे दोन पंखे लावून पोहणारी ती यंत्रे. कल्पना विलक्षण होती, यात वाद नाही. परंतु नॉर्मंडीतल्या ‘ओमाहा’ या किनाऱ्यावर अमेरिकेच्या ७४१व्या टँक बटालियनने २९ डीडी रणगाडे खुल्या समुद्रात सोडले आणि त्यांपैकी २७ बुडाले. त्याच बटालियनची तिसरी कंपनी नळकांडी बसवलेल्या साध्या शर्मनची होती. त्यांना एलसीटींनी थेट किनाऱ्यापर्यंत आणले, आणि ते पाण्यातून चालत वर आले. शेजारच्या ७४३व्या बटालियनचे डीडी रणगाडेसुद्धा समुद्राची स्थिती पाहून पोहायला न सोडता नौकांनीच किनाऱ्याला नेण्यात आले. नळकांड्यांच्या शर्मनची वाट सुरक्षित होती असे मुळीच नाही. त्यांच्यासाठी नौकेला तोफांच्या माऱ्यात अगदी जवळ यावे लागे, आणि किनाऱ्यावर त्यांचीही मोठी हानी झाली. तरीही समुद्र खवळलेला असताना ज्यावर भरवसा ठेवता आला, ते साधन पत्र्याच्या पेट्यांचे होते. साउथसीच्या नौकेचे मोल मला यासाठीच वाटते : पोहणाऱ्या रणगाड्यांच्या कथेत जिचे नाव येत नाही, ती चालत जाणाऱ्यांना किनाऱ्यापर्यंत सोडणारी नौका ही आहे.

पाणी पार करून आलेल्या रणगाड्यांनी नळकांडी लगेच टाकून द्यावीत अशी योजना असे, कारण ती उभी असेपर्यंत टरेट मोकळेपणाने मागे फिरवता येत नसे. वरचा भाग सुटा करता येई आणि तोफेभोवतीची आच्छादने स्फोटक दोरीने उडवता येत. नॉर्मंडीतल्या पुढच्या आठवड्यांच्या छायाचित्रांत अनेक अमेरिकन शर्मनवर मागचा खालचा सांधा तसाच राहिलेला दिसतो. तो काढण्यात वेळ घालवण्याची गरज दलांना वाटली नसावी. प्रतिकृती बनवणाऱ्यांसाठी हा फार उपयुक्त तपशील आहे. जून-जुलै १९४४ मधला शर्मन करताना पूर्ण नळकांडी किंवा पूर्ण मोकळा डेक असे दोनच पर्याय नसून, अर्धवट उरलेला सांधा हाही अस्सल पर्याय आहे.

संग्रहालयाच्या इमारतीतली सर्वांत महत्त्वाची वस्तू माझ्या मते बीएआरव्ही आहे, म्हणजे किनाऱ्यावर अडकलेली वाहने ओढून काढणारे चिलखती वाहन. याचा मूळ साचा शर्मनचाच. टरेट काढून त्या जागी उंच, नौकेच्या नाकासारखी निमुळती पोलादी भिंत उभारलेली आहे, आणि त्यामुळे हे वाहन सुमारे ९ फूट पाण्यात काम करू शकत असे. यासाठी शर्मनचा डिझेल इंजिनाचा प्रकार, एम४ए२, निवडला गेला, कारण तापलेले इंजिन एकाएकी गार पाण्यात गेल्यावर होणारा परिणाम तो अधिक चांगला सोसत असे. पुढे लाकडी ठोकळे बसवलेले असत, त्यांनी वाळूत रुतलेल्या नौका ढकलून पुन्हा पाण्यात लोटता येत. दलात एक पाणबुड्याही असे, जो पाण्याखाली जाऊन बुडालेल्या वाहनाला दोर बांधी. आक्रमणाच्या किनाऱ्यांवर अशी सुमारे ६० वाहने होती. खोल पाण्यात चालण्याची कल्पना तिच्या टोकापर्यंत नेली तर काय होते, हे या वाहनात दिसते : इथे नळकांडी वेगळी जोडलेली नाहीत, सगळे वाहनच एक मोठे नळकांडे झाले आहे. त्याची जोडकामे, कडांचे वेल्डिंग आणि वरून आत शिरण्याची सोय निवांत पाहावी. अवतरणाच्या योजनेत रणगाडे बुडणार, हे आधीच धरलेले होते, याचा याहून स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

इतर दालनांविषयी थोडक्यात. १९८४ साली सुरू झालेले हे संग्रहालय २०१८ मध्ये नव्या मांडणीसह पुन्हा उघडले. कथन माणसांच्या अनुभवांभोवती गुंफलेले आहे, आणि ‘ओव्हरलॉर्ड एम्ब्रॉयडरी’ हे ८३ मीटर लांबीचे, ३४ पट्ट्यांचे भरतकाम इथले मोठे आकर्षण आहे. रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्कच्या कारागिरांनी केलेले ते काम फारच उच्च दर्जाचे आहे. मुलाबाळांसह जाणाऱ्यांनी ते चुकवू नये. मात्र इथला भर प्रसंग आणि माणसे यांवर असल्याने यंत्रांचा तपशील शोधणाऱ्याने घरून अभ्यास करून यावे. शर्मन आणि चर्चिलवर नळकांडी मनानेच बसवून पाहावी लागतात. मोजमापांची रेखाटने आणि जुनी छायाचित्रे सोबत ठेवली, तर प्रत्येक जाळी, प्रत्येक बोल्टची ओळ आपल्याशी बोलू लागते.

जर्मन बाजूचा अभ्यास करणाऱ्यांची गरज मात्र इथे भागणार नाही. त्यांनी डॉर्सेटमधल्या बॉव्हिंग्टनच्या टँक म्युझियमला जावे. तिथला टायगर १३१ हा त्या सुरुवातीच्या टायगरांपैकी आहे, ज्यांत नदीच्या तळावरून जाण्यासाठी जोडनळी उभारून सुमारे ४ मीटर पाण्याखाली उतरण्याची व्यवस्था केली होती. त्याआधी १९४० साली, इंग्लंडवरील नियोजित आक्रमणासाठी, जर्मनांनी पँझर ३ आणि पँझर ४ यांचे पूर्ण पाण्याखाली जाणारे प्रकार तयार केले. त्यांना हवा पुरवणारी लांब रबरी नळी पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाला जोडलेली असे, आणि टरेटची फट फुगवलेल्या रबरी कड्याने बंद होई. ते समुद्रात कधी वापरले गेले नाहीत. २२ जून १९४१ रोजी १८व्या पँझर डिव्हिजनने त्यांपैकी काही, सोव्हिएत संघावरील आक्रमणात, बग नदी ओलांडायला वापरले. पूर्ण बुडून जाण्याचा हा मार्ग आणि डोके वर ठेवून चालण्याचा दोस्तांचा मार्ग यांची तुलना करायची, तर ही दोन्ही संग्रहालये एकाच सहलीत पाहणे उत्तम.

ही विद्या फक्त इंग्लिश खाडीपुरती नव्हती. नोव्हेंबर १९४३ मध्ये पॅसिफिकमधल्या तारावाच्या प्रवाळ खडकांवरून चालत जाताना अमेरिकी मरीन दलाचे काही शर्मन पाण्याखाली लपलेल्या बॉम्बच्या खड्ड्यांत बुडाले. आपल्या बाजूला, ९ सप्टेंबर १९४५ रोजी भारतीय सैन्याच्या तुकड्या मलायात मोरिबच्या किनाऱ्यावर उतरल्या, तेव्हा वाळूच्या थराखालच्या चिखलात अनेक वाहने अडकून पडली. जपानने आधीच शरणागती पत्करली होती म्हणून जीवितहानी टळली. पाण्याची खोली सोसण्याचे साधन असूनही तळाची जमीन कशी आहे, हे माहीत नसेल, तर काय होते, याचे हे उदाहरण भारतीय वाचकांनी जाणून घ्यायला हवे. महाराष्ट्रातल्या अभ्यासकांना परदेशी जाणे शक्य नसेल, तर अहिल्यानगरचे कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. १९९४ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयात पीटी-७६ हा पाण्यावर तरंगून जाणारा सोव्हिएत रणगाडा पाहता येतो. १९७१ च्या युद्धात आपल्या दलांनी पूर्व आघाडीवर तो वापरला. सुरुवातीपासूनच पाण्यासाठी घडवलेले वाहन आणि नंतर पाण्यासाठी सजवलेले वाहन यांतला फरक तिथे नीट कळतो.

पोर्ट्समथला लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून थेट गाडी आहे, आणि स्थानकापासून साउथसीपर्यंत बसने किंवा समुद्रकाठच्या रस्त्याने चालत जाता येते. नौका आणि दालने दोन्ही नीट पाहायची असतील, तर अर्धा दिवस ठेवावा; रणगाड्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी नौकेला आधी वेळ द्यावा, कारण दालनांत शिरल्यावर वेळ कसा जातो ते कळत नाही. छायाचित्रे घेणार असाल तर रुंद भिंग सोबत असू द्यावे. नौकेच्या पोटात रणगाड्यापासून मागे सरकायला फारशी जागा नाही. उरलेल्या दिवसात गॉस्पोर्टच्या बाजूला किंवा न्यू फॉरेस्टच्या दक्षिणेला लेप या ठिकाणी जावे. तिथे १९४४ साली नौकांत वाहने चढवण्यासाठी किनाऱ्यावर अंथरलेले काँक्रीटचे ठोकळे अजून जागेवर आहेत. लेपला जाणार असाल तर भरती-ओहोटीचे वेळापत्रक आधी पाहून घ्यावे. ओहोटीच्या वेळी पोहोचल्यास ठोकळ्यांच्या रांगा पाण्याच्या कडेपर्यंत पाहता येतात.